फॉस्फॅटिडिलकोलीन (पेशीच्या पटलातला एक मुख्य मेद) बनताना वेग ठरवणारे एन्झाइम कोणते? क्लासच्या नोट्समध्ये कोलीन कायनेज दिलंय, बरोबर आहे का?

चूक. पहिल्या पायरीत कोलीन कायनेज कोलीनचं फॉस्फोकोलीन करतं, दुसरीत त्याचं सीडीपी-कोलीन होतं. वेग ठरवतं ते या दुसऱ्या पायरीचं सायटिडिलिलट्रान्सफरेज, म्हणजे सीसीटी. पहिली पायरी तीच मुख्य, हा समज या नोट्समध्ये कुठून येतो ते मला चांगलंच ठाऊक आहे, कारण त्यापायी माझे एमएस्सीच्या तोंडी परीक्षेतले मार्क गेलेत.

प्रोजेक्टमध्ये मी पेशींना किरणोत्सारी कोलीन दिलं होतं. अर्क काढून प्लेटवर चढवला, फिल्म लावून पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवली. अंधाऱ्या खोलीत ती धुतली तेव्हा फॉस्फोकोलीनचा डाग काळाकुट्ट होता आणि सीडीपी-कोलीनचा इतका पुसट, की फिल्म तिरपी धरून शोधावा लागला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "बघ, पहिल्या एन्झाइमचा डाग गडद, म्हणजे तेच महत्त्वाचं."

अहो, माल साचलाय म्हणून तर गडद! टोलनाक्याआधी दोन किलोमीटर रांग लागली तर दोष नाक्याचा, की गाड्या जिथून निघाल्या त्या गावाचा? मी हे जवळजवळ याच शब्दांत बोलले. तेच नडलं असावं. वर परीक्षकांनी "सीटीपी ही किरकोळ गोष्ट आहे" हेही ऐकवलं. सीटीपी म्हणजे दुसऱ्या पायरीत लागणारा, एटीपीचाच भाऊबंद असलेला रेणू. आमचे सर शेजारीच बसले होते, चहा ढवळत.

किरकोळ म्हणे! हा मार्ग शोधणारे जैवरसायनशास्त्रज्ञ युजीन केनेडी, त्यांच्या प्रयोगशाळेत एटीपीच्या एका नमुन्याने प्रक्रिया चालायची आणि शुद्ध, स्फटिकरूप एटीपी घातलं की बंद पडायची. शेवटी कळलं, काम करत होतं ते त्या अशुद्ध नमुन्यात मिसळलेलं सीटीपी. १९५६ साली केनेडी आणि त्यांचे सहकारी वाइस यांनी ते छापलं. हीच सीटीपी वापरणारी पायरी सीसीटीची.

आणि या एन्झाइमची खुबी बघा. पटलात फॉस्फॅटिडिलकोलीन कमी पडलं की पटलातल्या मेदरेणूंच्या डोक्यांमध्ये फटी पडतात. सीसीटीची एक सर्पिल पट्टी त्या फटींत रुतते आणि एन्झाइम कामाला लागतं. माल पुरेसा झाला की ते पटलावरून सुटतं आणि थंड पडतं. कोलीन कायनेजला असं पटल चाचपता येत नाही.

तेव्हा क्लासवाल्यांना खुशाल विचारा. उत्तरसूचीत कोलीन कायनेज आलं तर हरकत नोंदवा, गप्प बसू नका. मार्क गेल्यावर मी बसले होते.

हां, हे सगळं कोलीनपासून सुरू होणाऱ्या मार्गाबद्दल. यकृतात साधारण तीस टक्के फॉस्फॅटिडिलकोलीन पीईएमटी नावाचं एन्झाइम फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमीन या दुसऱ्या मेदाला तीन मिथिल गट जोडून बनवतं. ई. कोलाय या जिवाणूचा कारभार निराळाच, त्याच्यात फॉस्फॅटिडिलकोलीन नसतंच. कॅन्सरच्या बऱ्याच गाठींत कोलीन कायनेज वाढलेलं सापडतं, म्हणजे ते अगदीच बिनमहत्त्वाचं नाही. पण तुमचा प्रश्न तो नव्हता, आणि परीक्षकांचाही नव्हता.

फिल्म अजून माझ्याकडे आहे. पिवळी पडलीय, पण दोन्ही डाग दिसतात.