म्हाताऱ्यांना गाडी नको, रस्ता विचार

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

जुन्या जावा, येझदी, राजदूत जमवून पांदणीच्या, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या रस्त्यांनी फिरणारा क्लब काढायचा आणि ज्यांनी या फटफट्या उमेदीत हाणल्या त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या, असं तू कळवलंस. गाड्या नंतरही मिळतील. आठवणींचं आधी बघ.

कुण्या आजोबासमोर बसून ‘तुमच्या काळी कसं होतं?’ असं विचारू नकोस. ‘लय मज्या होती न बाप्पा’ एवढं म्हणून ते चहा सांगतील. त्यापेक्षा विचार, ‘आषाढात वावरातून परतवाड्याला कसे यायचे?’ मग बघ. काळी माती मडगार्डात भरून पुढचं चाक फिरायचंच कसं थांबायचं, तुराटीने ती कशी उकरायची, कोणी मृग लागताच पुढचं मडगार्ड सोडून घरी ठेवायचा आणि पाऊस सरल्यावर परत लावायचा, सगळं निघेल. चिखलात शर्यती खेळायच्या परदेशी गाड्यांचं मडगार्ड चाकापासून चांगलं वर असतं ते याचसाठी. आपल्या लोकांनी तीच सोय पान्याने करून घेतली होती.

दुसरा प्रश्न चिखलदऱ्याच्या घाटाचा. ठिकाण साधारण ११०० मीटर उंचीवर, तिथून सलग उतार. जावा, येझदी, राजदूत या सगळ्या टू-स्ट्रोक. इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलंच. उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलेटर बंद ठेवून गाडी सोडली की पेट्रोल जवळपास थांबतं, म्हणजे ऑइलही थांबतं, इंजिन मात्र चाकाच्या जोराने फिरतच राहतं आणि पिस्टन पकडतो, म्हणजे तापून आतच अडकतो. जाणते लोक उतरतानाही मधूनमधून ॲक्सिलेटर द्यायचे. हे तुला कोणी आपणहून सांगणार नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. घाटाचं नाव काढलंस तरच बाहेर येईल.

शक्य असेल तर बोलताना गाडी समोर उभी कर. जावा-येझदीची गिअरची दांडी हीच किकची दांडी. शिवाय ती दाबली की क्लच आपोआप सुटतो. त्यामुळे रानात क्लचची वायर तुटली तरी माणूस गिअर बदलत घरी पोचायचा. तोंडी विचारलंस तर ‘जमायचं आपलं’ म्हणतील. दांडीवर पाय ठेवला की करूनच दाखवतील.

एक सावधगिरी. आपल्याकडे येझदीलाही सर्रास जावाच म्हणतात, टाकीवरचे बिल्लेही बदललेले असतात. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६० च्या सुमारास जावा आणली, १९७३ पासून येझदी हे नाव लावलं, आणि कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तेव्हा कोणी ‘माझी जावा ऐंशी सालची’ म्हटलं तर वाद घालू नकोस, गुमान आरसी बुक मागून घे. राजदूतवाल्यांना हे ऐकव की त्यांची १७५ सीसीची गाडी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घडली. राजदूतवर दूध वाहणाऱ्यांना फार आवडेल ते. आणि जावाच्याच भावकीतल्या सीझेडवर ज्योएल रोबेर या बेल्जियन स्वाराने १९६४, १९६८ आणि १९६९ ला मोटोक्रॉसचं, म्हणजे चिखलमातीतल्या शर्यतीचं, २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. तुझ्या ज्या मित्रांना या गाड्या फक्त लग्नाच्या फोटोपुरत्या वाटतात, त्यांना हे जरूर सांग.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नूतनीकरण केलेली नसेल तर हात लावू नकोस. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमाने ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. गाडी मिरवायची की हिंडवायची, ते तुम्हीच ठरवा. मी हिंडवली असती. मात्र मेळघाटच्या राखीव जंगलात नको, आणि कोणाच्या पेरलेल्या वावरातून तर मुळीच नको. पांदण मोकळी असेल तरी धुरेकऱ्याला, म्हणजे लगतच्या वावरवाल्याला, विचारून जा. सोयाबीनच्या दोन ओळी चिरडल्या की क्लबचं नाव तालुकाभर होईल, पण नको तसं.

राहिलं एक. ज्यांच्या नावावर गाडी होती तेवढ्यांनाच विचारून थांबू नकोस. मागे एका अंगाला बसून, मांडीवर पोर आणि हातात पिशवी धरून ज्या बाया माहेरी गेल्या, त्यांना रस्ता जास्त ध्यानात आहे. कुठल्या नाल्यात उतरावं लागलं, कोणी ढकललं, कोण नुसतं हँडल धरून वरडत होतं, हे नवरे सांगत नाहीत. त्यांच्याकडे जाताना बहिणीला किंवा आईला सोबत ने, मोकळं बोलतील. आणि होळीच्या आत ही कामं उरक. नंतर उन्हाचं कोणी ओट्यावर बसत नाही, आणि मृग लागला की सगळे वावरात.

तुझा
काका