जर्मनीतल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ची जागा कशी शोधायची?

एम.टेक. झालंय, पण पीएच.डी.चे ॲडमिशन फॉर्म कधी निघतात ते जर्मन विद्यापीठांच्या साइटवर सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. सापडत नाही, कारण बहुतेक ठिकाणी तशी तारीखच नसते. तिथे इंजिनिअरिंगमधली पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते. प्रोफेसरांना प्रकल्पासाठी निधी मिळाला की जागा निघते, जाहिरात लागते, मुलाखत होते. मी सुरुवातीचे आठ महिने ॲडमिशनची पानं चाळण्यात घालवले, म्हणून हे आधी सांगते.

तेव्हा शोध प्रोफेसरांच्या 'लेअरश्टूल'च्या, म्हणजे त्यांच्या अध्यासनाच्या पानावर घ्या. आखेन, म्युनिक, ड्रेस्डेन, डार्मश्टाट, कार्ल्सरूह, श्टुटगार्ट अशा ठिकाणी तुमच्या विषयाची पंधरा-वीस अध्यासनं निवडा आणि दर आठवड्याला बघा. जर्मन पानही उघडा. काही जाहिराती इंग्रजी पानावर येतच नाहीत. युराक्सेस हे संशोधनाच्या नोकऱ्यांचं युरोपचं पोर्टल आणि डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या साइटवरची पीएच.डी.ची माहिती, दोन्ही फुकट आहेत.

जाहिरात नीट वाचायची. 'टीव्ही-एल ई १३' ही सरकारी वेतनश्रेणी. पुढे ५०, ७५ किंवा १०० टक्के लिहिलेलं असतं. इंजिनिअरिंगला बऱ्याचदा १००. ५० असेल तर पगार अर्धा, संशोधन मात्र पूर्णच करावं लागतं. 'बेफ्रिस्टेट' म्हणजे मुदतीचा करार. 'केनत्सिफर' हा जाहिरातीचा क्रमांक, तो ईमेलच्या विषयात टाका. आणि 'प्रोमोत्सियोन', म्हणजे डॉक्टरेट, हा शब्द कुठेच नसेल तर ती करता येईल का, हे स्पष्ट विचारा.

आता अर्ज. खरी मेहनत इथेच आहे. मी आधी चाळीसेक प्रोफेसरांना एकच मजकूर पाठवला होता, 'तुमच्या संशोधनात मला खूप रस आहे' छापाचा. एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका गटाचे बेअरिंगच्या झिजेवरचे दोन पेपर शेवटपर्यंत वाचले. माझ्या एम.टेक.च्या प्रयोगात कंपन मोजणाऱ्या सेन्सरच्या सिग्नलमध्ये जो गोंगाट येत होता, तोच त्यांच्या एका आलेखात दिसत होता. मी तो कसा गाळला, हे चार ओळींत लिहिलं. तिसऱ्या दिवशी मुलाखतीची वेळ आली. ज्यांना पाठवताय त्यांच्या कामाबद्दल असं एक तरी नेमकं वाक्य सुचत नसेल, तर तो अर्ज त्या दिवशी पाठवू नका.

युरोपीय संघाच्या निधीतल्या मारी क्युरी डॉक्टरेट नेटवर्कच्या जागाही बघा, पगार चांगला असतो. पण जागा ज्या देशात आहे तिथे भरतीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. आधी तिथे जाऊन मग जागा शोधू, असा बेत असेल तर हा नियम आडवा येतो.

मुलाखतीत वीस मिनिटं थीसिसवर बोलायचं होतं. त्यानंतर तिथल्याच एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीने मला लॅब दाखवली. प्रोफेसर सोबत नव्हते, म्हणून तिला विचारलं की या गटात किती वर्षं लागतात, शिकवण्याचं काम किती अंगावर येतं आणि मधेच निधी संपला तर काय होतं. तिने तिन्हींची उत्तरं थेट दिली, आणि त्या उत्तरांवरूनच मी होकार कळवला.