तुमचे प्रश्न: माहेरची टीम, सासरची टीम

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, राहतो पुण्यात. मुलगा 9 वर्षांचा आहे आणि आयपीएलमध्ये पक्का चेन्नईवाला. पिवळा टीशर्ट धुवायला मागितला तरी रडतो. माझा भाऊ त्याला सारखा चिडवतो की मराठी पोरगं आणि चेन्नई? घरात कुणी कधी चेन्नईला गेलेलंसुद्धा नाही. हे येतं कुठून, आणि मोठा झाल्यावर बदलेल का? (एक आई, कोथरूड)

उत्तर: ताई, आधी भावाला विचारा की मग पुण्याच्या पोराने कुणाला धरायचं. मुंबईला? पुण्याच्या पोराला मुंबईवाला हो म्हणणं हे काय कमी आहे का! पुण्याला आयपीएलची स्वतःची टीम होती, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा बिऱ्हाड उचलून गेली. 2011 ला पुणे वॉरियर्स आली, पहिल्या वर्षी तर घरच्या मॅच नवी मुंबईत खेळली कारण पुण्याजवळच्या गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं, 2013 नंतर बंद. मग 2016 ला रायझिंग पुणे, तीसुद्धा चेन्नई आणि राजस्थानवर 2 वर्षं बंदी होती म्हणून रिकाम्या जागेत आलेली. 2017 च्या फायनलला मुंबईला 129 वर रोखलं, 1 रनने हरलो, आणि पुढच्या सीझनला टीमच नाही. हरल्याचं दुःख धड करायलासुद्धा मिळालं नाही.

आणि त्या 2 वर्षांत पुण्याकडून कोण खेळत होता तर चेन्नईचा धोनी. 2018 ला चेन्नई परत आली, तर तिकडे कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं म्हणून त्यांच्या घरच्या मॅच हलवल्या, त्या कुठे तर गहुंजेला. चेन्नईहून स्पेशल ट्रेन भरून लोक आले होते, पण स्टँड पिवळे करण्यात आपली पुण्याची जनता पण कमी नव्हती. म्हणजे ही चेन्नई तुमच्या घरापासून एक्सप्रेसवेच्या तोंडापर्यंत आलेली आहे, भावाला सांगा.

हां, पण तुमचा मुलगा तेव्हा फार तर पाळण्यात. त्याचं उत्तर वेगळं आहे आणि ते वयाचं आहे. अमेरिकेत सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ नावाच्या माणसाने 2014 ला फेसबुकवरचे लाइक मोजून बघितलं की बेसबॉलची कुठली टीम कुठल्या साली जन्मलेल्या पुरुषांना जास्त आवडते. न्यूयॉर्क मेट्सचं प्रेम साधारण 1961-62 आणि 1978 ला जन्मलेल्यांमध्ये जास्त निघालं. मेट्सने कप जिंकला 1969 आणि 1986 ला. वजाबाकी करा, दोन्हीकडे 7-8 येतात. त्या वयात जी टीम जिंकताना दिसली ती बसली ती बसलीच. आता चेन्नईचा 2023 चा कप आठवा, पावसाने लांबलेली फायनल मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली, जडेजाने शेवटच्या 2 बॉलवर सिक्स आणि फोर मारली. तेव्हा तुमचं पोरगं 6-7 वर्षांचं असणार आणि त्या रात्री त्याला कुणीतरी जागं राहू दिलं असणार. कोणी ते घरात शोधा, माझा संशय भावावरच आहे.

जिंकणाऱ्यालाच धरतात असंही नाही म्हणा. मी 1992 ला 8 वर्षांचा होतो. त्या वर्ल्ड कपला साउथ आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने हवेत आडवा होऊन पाकिस्तानच्या इंझमामचे स्टंप उडवले, तो फोटो पेपरात आला, मी तो दाढीच्या ब्लेडने कापला आणि भाताच्या शितांनी गणिताच्या वहीवर चिकटवला. झालं, साउथ आफ्रिका. नंतर सेमीफायनलला पाऊस आला आणि 13 बॉलमध्ये 22 पाहिजे होते ते बोर्डावर 1 बॉलमध्ये 22 झाले (खरे 21, पण बोर्डावर 22 लागलं आणि तेच जगाच्या लक्षात राहिलं). मी घरात विचारत फिरत होतो की असं कसं करता येतं, कुणाला सांगता येईना. वहीला महिन्याभरात मुंग्या लागल्या, फोटो गेला, टीम राहिली. 2024 च्या टी-20 फायनलला साउथ आफ्रिकेला 30 बॉलमध्ये 30 हवे होते तेव्हा मी इंडियाच्याच बाजूने देव पाण्यात घालून बसलो होतो हो, शप्पथ, पण मॅच संपल्यावर सगळे नाचत होते आणि माझ्या पोटात जे काय झालं ते मी बायकोलापण सांगितलेलं नाही, इथेच लिहितोय.

बदलेल का? ते बघायचं असेल तर त्याला टीममधली 11 नावं विचारा. एकाच नावाशी गाडी अडली तर तो टीमचा नाही, माणसाचा आहे, आणि माणूस रिटायर होतो. 2012 ला कोलकात्याचाच गांगुली पुण्याचा कॅप्टन म्हणून ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध उतरला तेव्हा अर्ध्या कोलकात्याला कळेना ओरडायचं कुणासाठी. आणि 2024 ला वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी मुंबईच्याच कॅप्टनची, हार्दिकची, हुर्यो उडवली, कारण रोहितला कॅप्टनपदावरून काढून त्याला आणलं होतं. पण 11 नावं धडाधड आली तर टीशर्ट एक साइझ मोठाच घ्या, पुरेल.

प्रश्न: माहेर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, म्हणजे फुटबॉलला शिवाजी तरुण मंडळ. लग्न झालं ते कट्टर पाटाकडीलवाल्या घरात. शिवाजी आणि पीटीएमची (म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाची) मॅच असली की सासरे चहापण माझ्याकडून घेत नाहीत, गमतीत हो, पण घेत नाहीत. मी कुणाच्या बाजूनं ओरडू? (एक सून, कोल्हापूर)

उत्तर: बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात टीम टीव्हीवरून मिळत नाही, पत्त्यावरून मिळते. शाहू स्टेडियमवर लीग चालू झाली की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकू येतात, या सगळ्या तालमी, म्हणजे मूळच्या कुस्तीच्या. लाल मातीत उतरणारी पोरं संध्याकाळी बॉलमागे पळायला लागली आणि पेठेची ईर्षा आखाड्यातून ग्राउंडवर आली. तिथे पोराला कुणी विचारत नाही तुझी आवडती टीम कोणती, विचारतात कुठला रे तू, त्यात सगळं आलं. गणपती ज्या मंडळाचा, गोल पण त्याच मंडळाचा. वर्ल्ड कप आला की हीच पेठ ब्राझील-अर्जेंटिनात वाटली जाते, मेस्सी-नेमारचे कटआउट चौकात लागतात, तिथे मात्र पत्ता चालत नाही, तिथे मोठा भाऊ काय म्हणतो ते चालतं.

तर ताई, तुमचा पत्ता बदलला, प्रश्न तिथेच आहे. पुरुषाचा सहसा बदलत नाही म्हणून त्याची निष्ठा मोठी म्हणायची, मला हे कधी पटलेलं नाही. याच्यावर एक जुना अभ्यास आहे, 1976 चा, रॉबर्ट चालडिनी वगैरे लोकांनी अमेरिकेतल्या कॉलेजची पोरं बघितली. कॉलेज जिंकलं की पोरं म्हणायची आम्ही जिंकलो, हरलं की म्हणायची ते हरले. आपल्या मराठीत तर याच्यापेक्षा बारीक मोजमाप आहे, आपल्याकडे आम्ही वेगळं आणि आपण वेगळं. पुढच्या मॅचला स्वतःच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. पीटीएमनं गोल मारल्यावर सासऱ्यांना "मारला की तुम्ही" म्हणालात तर तुम्ही अजून शिवाजी पेठेत आहात. "मारला की आपण" निघालं तर भावाला फोन करून सांगा, तो ऐकून घेईल असं नाही. आणि दोन्ही निघत असेल तर गप्प बसून खारे दाणे खायचे, तेवढ्यापुरतं. चहाचं म्हणाल तर मॅच असेल त्या दिवशी चहा नवऱ्याला करायला लावा.

प्रश्न: मी 2011 पासून आरसीबी, म्हणजे आयपीएलमधली बंगळुरूची टीम. लोकांनी 14 वर्षं माझ्यावर मीम केले. 2025 ला कप आला आणि आता ऑफिसात बघावं तो आरसीबीवाला. हे खरे फॅन का? (वैतागलेला, ठाणे)

उत्तर: नाहीत. शाळेतलं पोरगं असेल तर सोडून द्या, त्याचं वय चाललंय. ऑफिसातल्यांना मात्र एकेकाला बाजूला घेऊन सहज विचारा, 2017 ला कोलकात्याविरुद्ध 49 ऑल आउट झालो तेव्हा तू कुठे होतास रे. जो "कधी?" म्हणेल त्याला जाऊ द्या. जो काही न बोलता मान खाली घालेल त्याला चहा पाजा.