मामांना स्वप्नाबद्दल दुपारी विचार

‘चार महिन्यांपूर्वी मामी आयसीयूत वारली. तेव्हापासून मामा आमच्याकडे डोंबिवलीत असतात. आठवड्यातून तीन-चारदा पहाटे ओरडत उठतात. स्वप्न एकच: काचेच्या दाराआडून मामी हाक मारतेय आणि दार उघडत नाही. आता ते झोपायलाच घाबरतात. दोन वाजेपर्यंत टीव्ही, आणि हल्ली दोन पेग. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणतो मामीचा विषयच काढू नका. आई म्हणते, तिचा जीव अडकलाय, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घेऊ. मी काय करू?’
– एक भाची

दादा काळजीपोटी बोलतोय, पण त्याचं ऐकू नकोस. दिवसभर घरात मामीचं नावच निघत नसेल, तर मामांनी ते मनातलं सगळं न्यायचं कुठे?

दुपारी चहाच्या वेळी, दोघंच असाल तेव्हा विचार: ‘मामा, स्वप्नात नेमकं काय दिसतं?’ त्या दाराशी काहीतरी खरंच घडलेलं असू शकतं. भेटायची वेळ संपली म्हणून वॉचमनने खाली पाठवलं असेल, किंवा ते जरा पडायला घरी आले आणि तेवढ्यात फोन वाजला असेल. ‘शेवटी मी तिथे नव्हतो’ हे आयसीयूत माणूस गमावलेल्यांकडून फार ऐकू येतं. ते बोलू लागले की ‘तुमची काय चूक त्यात’ म्हणून लगेच थांबवू नकोस. आधी सगळं ऐकून घे. नाही बोलले, तर त्या दिवशी सोडून दे.

पुढे ते तयार झाले तर एक गोष्ट करता येते. मानसोपचारात ती नेहमी वापरतात. जागेपणी, उजेडात ते स्वप्न सांगायचं आणि त्यातलं काहीतरी बदलायचं. काय बदलायचं ते मामांनीच ठरवावं. दार उघडलं, मामींच्या उशाशी बसलो, पाणी पाजलं, काहीही. मग ते नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. पोरखेळ वाटेल, पण अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत याचा अभ्यास झाला, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यांची भयंकर स्वप्नं खरोखर कमी झाली होती. सांगताना मामा फार कासावीस झाले तर मात्र तिथेच थांबा आणि पुढचं समुपदेशकाकडे सोपवा.

पेगबद्दल स्पष्टच सांगते. दारूने झोप लवकर लागते, पण तिचा अंमल उतरू लागला की पहाटेकडे स्वप्नं जास्त जोरात येतात. एरवीही स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धातच जास्त असते. मामांना बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना दाखव. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशा गोळ्यांनीही काहींना वाईट स्वप्नं पडतात. पण गोळी परस्पर बंद करायची नाही, हे बजावून सांगते. आणि झोपेत ते हातपाय झाडत असतील, लाथा मारत असतील तर तेही सांग. त्याची तपासणी वेगळी असते.

पहाटे ओरडले तर गदागदा हलवू नकोस. दिवा लाव, जरा लांबूनच हाक मार: ‘मामा, मी आहे. तुम्ही डोंबिवलीत, आमच्या घरी आहात.’ पाणी दे. स्वप्नाची चौकशी तेव्हा नको.

नागबळीचं म्हणशील, तर तो तीन दिवसांचा विधी आहे. मामांना स्वतःला करावासा वाटला तर जरूर करा, त्यांना बरं वाटेल. पण ‘मामीचा जीव अडकलाय’ हे त्यांच्या कानावर पडता कामा नये. आधीच जो माणूस ‘मी दार उघडू शकलो नाही’ म्हणून तळमळतोय, त्याला आता ती अजून तिथेच ताटकळतेय असं सांगायचं? आईला हे तूच समजाव. आणि पूजा केली तरी डॉक्टर टाळायचे नाहीत.

एवढं करूनही महिनाभरात फरक नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. मामा नाहीच म्हणाले तर टेली-मानसच्या १४४१६ वर आधी तूच फोन कर. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ‘आता मलाही ने’ असं काही ते म्हणू लागले तर मात्र महिना थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही.

आणि पहाटे उठणारी तू एकटीच आहेस, असं पत्रावरून वाटतं. दादाला शनिवार-रविवार मुक्कामाला बोलाव. त्या दोन रात्री मामांच्या खोलीत तो झोपेल.