स्वस्त गाडी दिसायलाही स्वस्तच हवी का?

प्रश्न: मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय, जिथे लोक टू-व्हीलरवरून पहिल्यांदाच चारचाकीवर येतायत अशा देशांसाठी छोटी, परवडणारी पण दिसायला भारी कार. आमचे सर म्हणतात स्वस्त करायचीय ना, मग स्टाइल डोक्यातून काढून टाक. खरंच दोन्ही जमत नाही का?

उत्तर: सरांशी वाद घालू नकोस, पण मला काही हे पटलेलं नाही. पत्रा देखण्या आकारात दाबला काय नि ओबडधोबड दाबला काय, डायचा, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याचा, खर्च साधारण तेवढाच. तो वाढतो कधी, तर पत्रा फार खोल ओढावा लागला, घडी फार धारदार पाहिजे झाली किंवा जिथे एका पॅनलमध्ये भागलं असतं तिथे दोन केले की.

गाडी भारी दिसते ती प्रपोर्शनमुळे, म्हणजे भागांची मापं एकमेकांना शोभण्यामुळे, आणि खरा घोळ होतो चाकापाशी. बजेटमुळे चाक छोटं घ्यावं लागतं, मग वरच्या कमानीत ही एवढी पोकळी दिसते, मोठ्या माणसानं पोराच्या चपला घातल्यासारखी. चाक मोठं करावं तर टायर महाग, रिम महाग, वजनही वाढतं. २०१५ची रेनो क्विड आठव, चाकं १३ इंचीच, पण कमानीभोवती काळं प्लॅस्टिक, बॉनेट उंच, खालून १८० मिमी जागा, त्यामुळे ती चक्क छोटी एसयूव्ही वाटली आणि चाकाला चाराऐवजी तीनच बोल्ट आहेत हे मोजायला कोणी वाकलं नाही.

काटकसर अशी जिथे नजर जात नाही तिथे करायची. रोमानियाच्या डॅशिया कंपनीच्या २००४च्या लोगान गाडीत डावा-उजवा आरसा एकच पार्ट होता, एक साचा वाचला की! उलट नॅनो बघ. ३.१ मीटरमध्ये चार माणसं, मागे दोन सिलिंडरचं इंजिन, इंजिनिअरिंग म्हणून मला ती आजही आवडते. पण सुरुवातीच्या मॉडेलला डिकी बाहेरून उघडतच नव्हती, आणि त्यात 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला तो बसलाच, पुढे रतन टाटांनीही ही चूक झाली असं बोलून दाखवलं. पै-पै जमवून पहिली गाडी घेणाऱ्याला 'गाडी घेतली' ऐकायचं असतं गं, 'ती स्वस्तवाली घेतली' नाही.

आणि हात जिथे लागतो तिथे कात्री चालवू नकोस. स्टीअरिंग, गिअरची मूठ, दाराचं हँडल, दार लावल्यावर येणारा आवाज. शोरूममध्ये माणूस आधी दार दोनदा आपटून बघतो, बाकीचं नंतर. डॅशबोर्ड कडक प्लॅस्टिकचा चालेल, पण त्याला मॅट ग्रेन, म्हणजे बिनचमकीचा खरखरीत पोत दे, चकचकीत ठेवलास तर उन्हात समोरच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब पडणार.

प्रश्न: रंगात पैसे वाचतात का?

उत्तर: थोडे. मेटॅलिकला, म्हणजे चमचमत्या रंगाला, वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) लागतोच, साधा सॉलिड रंग त्याशिवायही भागतो. म्हणून एखादा झणझणीत सॉलिड रंग ठेव, पिवळा किंवा केशरी. छोट्या गाडीला तो शोभतो, मोठीला तोच रंग टॅक्सीसारखा दिसतो.