स्वयंपाकघरातल्या नळाच्या स्प्रेची धार मंदावली असल्यास

नवीन नळ विकत घेण्याची घाई करू नका. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्यांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिळते, तिथे नळीसकट ओढून घ्यायच्या स्प्रेची धार मंदावण्याचे कारण बहुधा क्षार आणि टाकी धुतल्यानंतर येणारी बारीक रेती हेच असते.

प्रथम सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक (नळाकडे जाणारे पाणी बंद करायचे छोटे कॉक) बंद करावेत, नळीला कपड्यांचा चिमटा लावावा (नाहीतर ती सरकन आत जाते, आणि मग ओट्याखाली डोके घालून ती शोधत बसावे लागते) आणि स्प्रेचे डोके हातानेच फिरवून काढावे. आता नळीचे तोंड बादलीत धरून नळ आणि कॉक हळूच उघडा. धार जोरकस आली तर दोष डोक्यात आहे, आणि तशीच मंद राहिली तर नळी कुठे मुडपली आहे का, कॉक पूर्ण उघडतो का, हे पाहावे. माझ्याकडे तर कचऱ्याच्या डब्यानेच नळी दाबून धरली होती.

डोक्याच्या नळीकडच्या तोंडाशी रबरी वॉशर आणि जाळी असते. जाळी जुन्या टूथब्रशने धुवावी, डोके व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवून ठेवावे, मात्र रात्रभर नको, कारण मुलामा खराब होतो. रबरी छिद्रे अंगठ्याने चोळावीत. त्यांत सुई घालू नये. परत बसवताना वॉशर विसरू नका. तो असताना टेफ्लॉन टेपची गरज नसते, आणि पान्याचीही नसते.