सण आणले, व्रते मागे राहिली

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

रविवारी पाठवलेला तुझा निरोप वाचला. खोलीतल्या मैत्रिणीच्या घरी तू जेवायला गेली होतीस, तिथे टेबलावर हिरव्या डहाळ्यांचे कडे आणि त्यात चार मेणबत्त्या होत्या, त्यांतली एक पेटवून घरातली सगळी माणसे थोडा वेळ गप्प बसली, आणि ते पाहून तू विचारलेस, ‘आपल्याकडे असे थांबणे कुठे असते? मला तर हॉल, साउंड सिस्टिम आणि फराळाची रांगच आठवते.’ याचे उत्तर फोनवर घाईत देण्याजोगे नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या मेणबत्त्यांविषयी. नाताळच्या आधीच्या चार रविवारांनी मोजला जाणारा हा वाट पाहण्याचा काळ वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतही पाळला जातो आणि तिथे त्याला आगमनकाळ म्हणतात, तेव्हा ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ अशी सरळ वाटणी तू करू नयेस असे मला वाटते. कड्याची प्रथा मात्र त्या मानाने अलीकडची आहे. हांबुर्गमध्ये निराधार मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ साली, मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून, एका चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि तिथून ती पसरली, असे सांगतात.

आता तुझा प्रश्न. तुझ्या आठवणीत हॉलच आहे, यात नवल नाही. इथे टोरांटोत आपले सण शनिवारी होतात, कारण शनिवारी हॉल मिळतो आणि माणसांना सवड असते. सण असा चार दिवस इकडेतिकडे सरकवता येतो, पण व्रताला तिथी, वेळ आणि घर लागते, त्यामुळे ते सरकवता येत नाही. परदेशी येताना आम्ही सण तेवढे बरोबर आणले आणि व्रते बहुतेक तिकडेच राहिली. तू जे शोधते आहेस ते प्रामुख्याने व्रतांत आहे, आणि योगायोगाने त्यांतली बरीचशी याच दिवसांत, मार्गशीर्षात येतात. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ‘महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष’ असे म्हटले आहे, तो हा महिना.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते. माझे लहानपण सांगलीत गेले आणि नृसिंहवाडी तिथून जवळ, त्यामुळे आमच्याकडे दत्तसंप्रदायाचे वळण पक्के होते. जयंतीच्या आधी तुझे आजोबा सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राचा सप्ताह करीत. रोज पहाटे स्नान करून, सोवळे नेसून, एकाच जागी आणि एकाच आसनावर बसून त्या दिवसाचे अध्याय संपेपर्यंत उठायचे नाही, असा नियम असे. अध्यायांची रूढ वाटणीही समान नाही: पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी बारा आणि पाचव्या दिवशी केवळ तीन, कारण छत्तिसावा अध्याय फार लांबलचक आहे. सातही दिवस साधे, कांदा-लसूण नसलेले जेवण, रात्री चटईवर झोप आणि कामापुरते बोलणे. एरवी ते बरेच तापट होते, पण त्या आठवड्यात ऑफिसातूनही शांतपणे घरी येत, आणि आम्ही मुले त्याचा यथेच्छ फायदा घेत असू.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, मन शांत झाल्यावर पोथीला बसायचे, असे तिथे कोणी म्हणत नसे. जागा, वेळ, अन्न आणि बोलणे यांना आधी मर्यादा घातली जाई. मन त्या मर्यादेत कधी स्थिरावे, कधी स्थिरावत नसे, तरीही त्या दिवसाचे वाचन पुरे होई. हल्ली ध्यानाची जी ॲप्स तू वापरतेस, ती आधी तुला कसे वाटते आहे ते विचारतात. पोथी ते विचारत नाही, आणि मला ती पद्धत अधिक भरवशाची वाटते.

पण या चित्राची दुसरी बाजूही तुला सांगायला हवी. अनेक घरांत बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा दंडक होता, काही ठिकाणी तो आजही आहे. आमच्या घरीही होता. तुझी आजी ते ऐकत असे, तेही स्वयंपाकघरातून, कारण आजोबांच्या स्नानाचे पाणी, नैवेद्य आणि आमचे डबे हे सारे तिच्याकडेच होते. एका माणसाचे थांबणे दुसऱ्याच्या धावपळीवर उभे होते. हा दंडक मला कधीच पटला नाही, आणि घरातली एक व्यक्ती ओट्यापाशी अडकून राहणार असेल तर त्या शांततेला मी अर्धीच शांतता म्हणेन.

त्याच महिन्यात घरोघरी बायका गुरुवारचे महालक्ष्मीचे व्रत करतात, त्यात घट मांडून छोटीशी पोथी वाचतात. खंडोबाचे सहा रात्रींचे नवरात्र चंपाषष्ठीला उठते, आणि चातुर्मासात सोडलेले वांगे कित्येक घरांत त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येते. इतके महिने एखादी आवडती भाजी दूर ठेवून तिची वाट पाहणे हाही एक प्रकारचा आगमनकाळच, असे मला तुझा निरोप वाचताना वाटले.

दत्तजन्म सूर्यास्ताला साजरा करतात: पाळणा हलवायचा आणि सुंठवडा वाटायचा. इथे डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमारासच मावळतो, तेव्हा मी बहुधा कामावर असते, आणि ती वेळ हुकते. पहाटेचे मात्र जमण्यासारखे आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, सूर्य धनू राशीत असताना, धुंधुरमास असतो आणि त्यात एखाद्या दिवशी सूर्योदयालाच देवाला नैवेद्य दाखवून सर्वांनी मिळून जेवायचे असते. तिकडे त्यासाठी अंधारातच चूल पेटवावी लागे. इथे सूर्यच पावणेआठच्या सुमारास उगवतो, म्हणजे या एका बाबतीत कॅनडा आपल्या सोयीचा निघाला.

तू सुट्टीला घरी आलीस की एखाद्या रविवारी आपण तो करू. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भरीत एवढेच करायचे. वांगी आदल्या रात्री बाबा भाजून ठेवतील, भाकऱ्या मी थापेन आणि खिचडी तुझ्याकडे, म्हणजे पान वाढल्यावर कोणालाही उठावे लागणार नाही. जेवण्याआधी समई लावून दहा मिनिटे आपण तिघे बसू. त्या वेळात काय करायचे ते मी ठरवून देणार नाही. तुला वाचायचे असेल तर गुरुचरित्राची पोथी वरच्या कपाटात आहे, आणि ती तूही वाचू शकतेस. फोन तेवढे तिघांचेही आदल्या रात्रीच बंद करून ठेवू. बाबांची याला अजून संमती नाही, ती तू मिळव.

तुझी,
आई